धनुष्याचं लाकूड कापू नये, फाडावं

मे सरता सरता नागपुरात एखाद्या संध्याकाळी आभाळ काळवंडतं, धुळीचे लोट उठतात आणि अर्ध्या तासात सिव्हिल लाइन्सपासून मानेवाड्यापर्यंत झाडं आडवी होतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कारवर पडलेल्या गुलमोहराचा फोटो ठरलेला. मग चेनसॉ येते, बुंध्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे होतात आणि ट्रकभर जळतण निघून जातं. हे बघून धनुष्याचा नाद असलेल्या माणसाचा जीव हळहळतो, कारण धनुष्याला लागतो पुरुषभर लांबीचा सलग तुकडा. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या मृतदेहाजवळ अर्धवट तासलेलं धनुष्य होतं. त्याची लांबी १.८२ मीटर.

तेवढी लांबी मिळत नाही म्हणून हौशी मंडळी लकडगंजात जातात, आरा मशीनवरून ‘एकदम सरळ’ सागवानी पट्टी कापून आणतात, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत ती घासतात आणि चार-दोन वेळा ताणल्यावर ती कडकन मोडते. मग दोष लाकडाला. लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं. अडचण एवढीच, की ते करवतीच्या हिशेबाने सरळ असतं, झाडाच्या हिशेबाने नसतं.

लाकूड म्हणजे घट्ट बांधलेली खराट्याच्या काड्यांची जुडी समजा. काड्या म्हणजे तंतू. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांत एकेक तंतू जेमतेम मिलिमीटरभर लांब असतो, पण एकाला एक खेटून त्यांचा धागा बुंध्यापासून फांदीपर्यंत जातो. हा धागा क्वचितच ओळंब्यात असतो. कुठे गाठीला वळसा घालतो, कुठे खोडाभोवती मळसूत्रासारखा फिरतो. करवतीला याचं सोयरसुतक नसतं. ती सरळ रेषेत जाते आणि वाटेत येणारे धागे छाटते.

धागा छाटला गेल्याने नेमकं किती बिघडतं, हे मोजलेलं आहे. दर १० सेंटिमीटरला धागा १ सेंटिमीटर तिरका गेला, तर पट्टीची वाकताना टिकण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते आणि अचानक धक्का सोसण्याची एकतृतीयांशाहून जास्त. दर ५ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर तिरका असेल, तर वाकण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. गंमत म्हणजे दाब सोसण्याची ताकद या सगळ्यात फारशी ढळत नाही. म्हणून तीच पट्टी टेबलाचा पाय म्हणून तीस वर्षं उभी राहते आणि धनुष्य म्हणून तीस मिनिटं टिकत नाही. धनुष्य ताणलं की तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे त्याचं पोट, दाबलं जातं आणि लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. पाठीवर कुठेही धागा तुटून बाहेर आला असेल, तर तिथून कुसळ उठतं आणि खेळ आटोपतो.

यावर उपाय जुना आहे. करवत बाजूला ठेवा, पाचर आणि घण घ्या.

पाचर लाकूड कापत नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण मला या विषयात सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. ओंडक्याच्या तोंडावर पाचर ठोकली की ती दोन्ही बाजूंना ढकलते आणि फट तिच्या पुढे धावते. पाचरेचं टोक आणि फटीचं टोक यांच्यात बरंच अंतर पडतं. म्हणजे पाचर फक्त रेटा देते, वाट फट स्वतः शोधते. ती सगळ्यांत स्वस्त वाट शोधते. दोन तंतूंच्या मधून जायला दर चौरस मीटरला काही शे ज्यूल ऊर्जा पुरते. तंतू तोडत आडवं जायचं तर ती दहा हजार ज्यूलच्या घरात जाते. याचं कारण तंतूच्या भिंतीत आहे. तिच्यातले सेल्युलोजचे सूक्ष्म धागे सरळ नसून नळीभोवती स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेले असतात. तंतू ताणला की भिंत आतल्या बाजूला मुडपते, स्प्रिंग उलगडते आणि तुटण्याआधी भरपूर ऊर्जा गिळून टाकते. फट हा खर्च टाळते आणि तंतूंच्या कडेकडेने निघून जाते. त्यामुळे फाडलेल्या फाळक्याचा पृष्ठभाग म्हणजे झाडाच्या धाग्याचा नकाशाच असतो.

पण फट नेहमी मधोमध राहत नाही, आणि ती का भरकटते हे शाळेतल्या गणिताने सांगता येतं. पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट तर ताठरपणा आठपट, जाडी निम्मी तर एकअष्टमांश. फट बरोबर मधून चालली असेल, तर दोन्ही अर्धी सारखीच वाकतात, फटीच्या टोकावर फक्त उघडण्याचा ताण येतो आणि ती सरळ जाते. समजा एका गाठीजवळ ती जराशी सरकली आणि एक बाजू पातळ झाली. आता पातळ बाजू खूप वाकते, जाड बाजू ढिम्म. फटीच्या टोकाशी उघडण्याच्या ताणासोबत एक सरकवणारा ताणही येतो आणि तो फटीला पातळ बाजूकडे वळवतो. ती बाजू आणखी पातळ होते, आणखी वाकते, फट आणखी तिकडे जाते. हातभर पुढे गेल्यावर ती बाजूने बाहेर पडते आणि तुमच्या हातात निमुळती चिरफळी उरते.

सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरूड कारागिराला बांबू फोडताना बघा. सुरी बांबूत रुतवून तो ती पुढे ढकलतो आणि फट एका अंगाला जायला लागली की क्षणात हात बदलतो. पातळ बाजू सरळ धरून ठेवतो आणि जाड बाजू अंगठ्याने मुद्दाम वाकवतो. फट मुकाट्याने जाड बाजूकडे परतते. त्याच्या मांडीवर एका कांबीच्या दोन, दोनाच्या चार अशा सरळ पट्ट्या होत जातात. त्याने घनाचा नियम कुठे वाचलेला नसतो, पण तो नियम त्याच्या अंगठ्यात असतो. ओंडक्यालाही हेच लागू पडतं, फक्त अंगठ्याच्या जागी पहार येते. म्हणूनच कडेने एक फाळकं सोलून काढायचा मोह टाळावा. आधी बरोबर दोन, मग प्रत्येकाचे दोन, असंच जावं. भेंडातून, म्हणजे खोडाच्या मधोमध असलेल्या मऊ गाभ्यातून, जाणारी फट सर्वांत सोपी, कारण भेंडापासून सालीकडे जाणारे मऊ पेशींचे पडदे तिला आयतीच वाट देतात.

हाच घन पुढे तासतानाही छळतो. धनुष्याची भुजा १२ मिलिमीटर जाड असेल आणि रंध्याखाली अर्धा मिलिमीटर जास्त निघाला, तर त्या जागेचा ताठरपणा १२ टक्क्यांनी उतरतो. धनुष्य नेमकं तिथेच कोपरासारखं वाकू लागतं.

आता झाड निवडायचं. साल वाचा. कडुनिंबाच्या सालीवरच्या भेगा खोडाभोवती फिरत गेल्या असतील, तर आतला धागाही तसाच फिरला आहे आणि फाळकं पंख्याच्या पात्यासारखं पिळलेलं निघेल. कडुनिंब, शिसव अशा लाकडांत आणखी एक खोड आढळते. काही वर्षं धागा डावीकडे, काही वर्षं उजवीकडे. असं लाकूड फाडताना दोन्ही अंगांना दाते राहतात. सागवान छान सरळ फाटतं, पण थोडं ठिसूळ. धामण मात्र लवचिकतेसाठी नावाजलेली आहे. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीची काठी तिचीच लोक पसंत करतात. ती शहरात रस्त्याकडेला क्वचितच दिसते. गडचिरोलीतले माडिया गोंड या सगळ्या कटकटीत पडतच नाहीत. त्यांचं धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूच्याच कांबीची.

वादळात पडलेल्या झाडात आणखी एक छुपा दोष असू शकतो. वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे तंतू दाबले जातात. लाकूड ताण बरा सोसतं, दाब त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे त्या बाजूला तंतू जागच्या जागी चुरमडतात आणि केसाएवढ्या आडव्या रेषा पडतात. फाळकं रंधून गुळगुळीत केलं आणि तिरप्या उजेडात धरलं की त्या दिसतात. एरवी नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण धनुष्य बरोबर तिथेच मोडतं. म्हणून बुंध्यात मोडलेल्या झाडापेक्षा मुळासकट उन्मळलेलं झाड बरं, कारण तिथे खोडाआधी माती हरलेली असते. बुंध्याभोवती गळ्यापर्यंत सिमेंट ओतायची आपल्याकडची हौस बघता अशा झाडांचा तुटवडा पडणार नाही. फाळकं घ्यायचं ते ज्या बाजूने वारा आला त्या बाजूचं. आणि रस्त्यावर पडलं म्हणून झाड कुणाचंही होत नाही. आधी विचारा. शहरात १९७५चा वृक्ष कायदा आहे, जंगलात १९२७चा वन कायदा, आणि सागवान हलवायचं तर वाहतूक परवाना लागतो.

उशीर करून चालत नाही. मृगाचा पाऊस लागला की ओल्या ओंडक्यात बुरशी काही आठवड्यांत शिरते. लाकूड दिसायला ठणठणीत, वजनही जवळपास तेवढंच, पण धक्का सोसण्याची ताकद सर्वांत आधी जाते. अळंबी दिसू लागेपर्यंत ते धनुष्याच्या कामातून गेलेलं असतं.

इथे कुणीतरी हमखास सांगतं की अमावस्येच्या आसपास तोडलेल्या लाकडाला आणि बांबूला घुण लागत नाही. घुण लाकडातल्या स्टार्चसाठी येतो. बांबूत स्टार्च किती आहे ते ऋतूवर ठरतं. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात तो खर्ची पडतो, म्हणून दिवाळीनंतर तोडलेला बांबू जास्त टिकतो. महिना बरोबर साधला, की अमावस्या असो वा पौर्णिमा, फरक पडत नाही. श्रेय मात्र चंद्राला मिळतं.

राहिलं वाळवणं. ताज्या लाकडात पाणी ठासून असतं. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसायला लागतं, आणि वलयांच्या दिशेने ते भेंडाच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. अख्ख्या गोल ओंडक्याला हा फरक पचवता येत नाही, म्हणून तो सालीपासून भेंडापर्यंत तडकतो. फाडलेल्या फाळक्याला मोकळीक असते. तरी दोन्ही तोंडांना लगेच ऑइल पेंट किंवा फेविकॉलचा जाड थर द्यावा, कारण धाग्याच्या दिशेने पाणी आडव्यापेक्षा दसपट वेगाने पळतं आणि टोकं आधी चिरतात. साल काढली असेल तर पाठीलाही तोच लेप. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवून आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की ते हवेशी जुळलं.

धनुष्याला ८ ते १० टक्के ओलावा मानवतो. नागपूरची हवा हा आकडा वर्षभर पाळू देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड १५ टक्क्यांच्या वर जातं आणि ताणलं की बाक धरून बसतं. मेमध्ये दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, लाकूड ५ टक्क्यांकडे सरकतं आणि ठिसूळ होतं. तेव्हा जूनमध्ये फाडलेलं फाळकं दिवाळीनंतर तासायला घ्यावं. बारीक फाळक्याला तेवढे महिने पुरतात, जाडाला पुढचा हिवाळा लागेल. तयार धनुष्य उन्हाळ्यात दोरी उतरवून कूलरच्या खोलीत ठेवावं. एसीच्या खोलीत नको, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो.