वरच्या दाढेचं इंजेक्शन आणि नजर

वरच्या दाढेला भुलीचं इंजेक्शन घेतलं की नजर जाते, या समजापायी जळगाव-धुळ्याकडे कितीतरी जण लवंग दाबून महिने काढतात. समज साफ चुकीचा. दाढेची संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते, दृष्टी दुसऱ्या क्रमांकाच्या नसेतून. लिग्नोकेन हे भुलीचं औषध नसेतल्या सोडियमच्या वाटा अडवतं, म्हणून कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. काही तासांत औषध ओसरतं. क्वचित थोडा वेळ दोन-दोन दिसतं, तेही बहुधा भुलीबरोबर उतरतं.

खरा धोका वेगळा. डोस वजनावर ठरतो. जास्त झाला किंवा थेट रक्तवाहिनीत गेला, तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, पुढे झटकेही. हृदयविकार, चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगा. आणि बधिर तोंडानं गरम शेवभाजी नको. गाल भाजल्याचं उशिरा कळतं.