घनता बरोबर, तरी पेट्रोलमध्ये भेसळ

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६, म्हणजे वाहनांच्या धुराच्या कडक मानकाला साजेसे, इंधन मिळू लागले. पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आली. हा नियम रिफायनरीच्या फाटकावर पाळला गेला, तरी पुढे डेपो, टँकर, पंप अशी लांबची वाट उरते. भेसळ होते ती या वाटेवर, आणि त्यात मिसळले जाणारे ओळखीचे द्रव्य म्हणजे रॉकेल.

पेट्रोल २१० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण उकळून जावे, असे मानक सांगते. रॉकेलचा बराच भाग त्याच्याही वर उकळतो. त्यामुळे इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही, ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. गंधकाचे नुकसान याहून वाईट. सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू विषारी वायू निष्प्रभ करतात. गंधक त्यांच्या पृष्ठभागावर बसून त्यांचे काम मंदावते. रॉकेलच्या जुन्या मानकात २,५०० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. तसले रॉकेल नुसते १ टक्का मिसळले, तरी १० पीपीएमचे पेट्रोल सुमारे ३५ वर जाते. इंधन जितके स्वच्छ, तितकी थोडी भेसळही महागात पडते.

मग पंपावर ती पकडली का जात नाही? तिथे हायड्रोमीटर हे तरंगते उपकरण इंधनात सोडून घनता मोजतात. तापमानाचा हिशेब करून आलेला आकडा माल आला तेव्हाच्या नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक सरकला, तर संशय. आता गणित करून पाहा. पेट्रोलची घनता ७४५ आणि रॉकेलची ८०० धरली, तर ५ टक्के रॉकेलाने फरक पडतो पावणेतीन किलोंचा. नमुना पास! शिवाय जड रॉकेलाबरोबर नॅफ्था हे हलके खनिज तेल घातले, की काटा जागचा हलतही नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग पाहण्याची चाचणी ग्राहकाने जरूर मागावी, तो त्याचा हक्क आहे. पण थोडी भेसळ तिलाही चुकवते.

रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालत, पण तो शोषक मातीने काढता येतो. २००६ मध्ये रासायनिक मार्कर (भेसळ ओळखण्यासाठी रॉकेलात मिसळायचे खुणेचे रसायन) आला, तोही फार काळ टिकला नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळ रंगेहाथ पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. नियम राबवणाऱ्या माणसाच्या हातात काय असते आणि समोर काय उभे असते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

रॉकेलवरचे अनुदान आता संपले आहे, त्यामुळे त्या भेसळीतला मोठा नफा आटला. पण औद्योगिक सॉल्व्हंट (कारखान्यांत वापरायचे द्रावक) आणि पेट्रोल यांच्यावरच्या करांत फरक आहे, तोवर मोह राहणारच. म्हणून पंपांवरून अचानक नमुने उचलून प्रयोगशाळेत त्यांतले गंधक मोजावे, ऊर्ध्वपातनाने, म्हणजे नमुना उकळून, शेवटचा उत्कलनबिंदू पाहावा आणि निकाल पंपाच्या नावासकट जाहीर करावेत. तंत्र जुनेच आहे, उपकरणेही देशात आहेत.