राणी ॲनच्या शय्यागृहाची सोन्याची किल्ली

जानेवारी १७११ मध्ये मार्लबरोच्या ड्यूकने आपल्या पत्नीची सोन्याची किल्ली ब्रिटनच्या राणी ॲनला परत केली आणि डचेस सारा चर्चिलची दरबारातील कारकीर्द संपली. ही किल्ली राणीच्या शय्यागृहाच्या मुख्य अधिकारपदाची खूण होती. राणीच्या खासगी दालनात कोणाला, केव्हा जाता येते यावर मंत्र्यांचेही भवितव्य अवलंबून असल्यामुळे, वरकरणी घरगुती वाटणारे हे पद प्रत्यक्षात राजकीय होते.

साराचा जन्म १६६० चा. ती १६७३ मध्ये यॉर्कच्या डचेसच्या, म्हणजे ॲनच्या सावत्र आईच्या, सेवेत दरबारी आली आणि तेथेच तिचा आपल्याहून लहान असलेल्या ॲनशी स्नेह जडला. ॲनच्या १६८३ मधील विवाहानंतर सारा तिच्या सेवेत रुजू झाली. दर्जाचा अडसर राहू नये म्हणून पत्रांत ॲन ‘मिसेस मॉर्ली’ आणि सारा ‘मिसेस फ्रीमन’ होत असे. १६९२ मध्ये राणी मेरीने साराला काढून टाकण्याचा हट्ट धरला, तेव्हा ॲनने सख्ख्या बहिणीशी वैर पत्करले, राजवाड्यातील निवासस्थान सोडले, पण साराला सोडले नाही.

ॲन १७०२ मध्ये गादीवर आली आणि या निष्ठेची भरपाई झाली. शय्यागृह, वस्त्रागार आणि राणीची खासगी तिजोरी या तिन्हींचा कारभार साराकडे आला. परंतु त्या काळच्या दोन प्रतिस्पर्धी राजकीय पक्षांपैकी राणीचा कल टोरींकडे होता, तर सारा कट्टर व्हिग होती आणि राणीला सतत उपदेश करण्यात तिला काही गैर वाटत नसे. १७०६ मध्ये आपला जावई संडरलँड याला मंत्रिपद मिळावे यासाठी तिने लावलेला तगादा राणीच्या मनात सलत राहिला. त्यातच सारा दरबारापासून बराच काळ दूर राहू लागली. रोजची अंगसेवा करत होती ॲबिगेल हिल, साराचीच गरीब नातेवाईक आणि तिनेच नोकरीला लावलेली. १७०७ मध्ये ॲबिगेलचे लग्न राणीच्या उपस्थितीत गुपचूप झाल्याचे कळल्यावर आपली जागा कोणी घेतली हे साराला उमगले; टोरी नेता रॉबर्ट हार्ली हाही ॲबिगेलचा नातेवाईक होता.

ऑगस्ट १७०८ मध्ये युद्धातील विजयाच्या आभारप्रार्थनेसाठी जाताना साराने काढून ठेवलेले दागिने राणीने घातले नाहीत. त्यावरून वाटेत वाद झाला आणि सेंट पॉल कॅथेड्रलपाशी साराने राणीला गप्प राहण्यास सांगितले. राजदरबारात याहून मोठी आगळीक कल्पिणे अवघड आहे. एप्रिल १७१० मधील केन्सिंग्टन राजवाड्यातील अखेरच्या भेटीत सारा रडली, विनवण्या केल्या. तिने पत्रात उत्तराची अपेक्षा नसल्याचे लिहिले होते, तेव्हा उत्तर मिळणार नाही, एवढेच राणी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हा तपशील मात्र साराच्याच लेखणीतून आलेला आहे. १७४२ मध्ये तिने आपल्या दरबारी वर्तनाची कैफियत छापली आणि ॲनची मंद, परावलंबी अशी प्रतिमा पुढे दीर्घकाळ टिकली ती मुख्यतः तिच्यामुळे.

साराची पदे विभागली गेली: शय्यागृह व वस्त्रागार सॉमरसेटच्या डचेसकडे, तर खासगी तिजोरी ॲबिगेलकडे. राणीने पूर्वी देऊ केलेली वार्षिक २,००० पौंडांची रक्कम साराने तेव्हा नाकारली होती. जाता जाता तिने नऊ वर्षांचे १८,००० पौंड हिशेबात वळते करून मागितले आणि राणीने ते मंजूर केले.