सुरक्षा-वास्तू, नागरी

पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, आपत्कालीन नियंत्रण कक्ष इ. संकटकाळातही चालू राहणे आवश्यक असलेल्या इमारती. हल्ल्यापासून त्यांचे संरक्षण साधणे व भोवतालच्या वस्तीशी त्यांचा मेळ राखणे, असा रचनेचा दुहेरी प्रश्न असतो.

रचनेतूनच गुन्हे व हल्ले रोखण्याच्या विचाराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. गुन्हेशास्त्रज्ञ सी. रे जेफ्री यांनी 1971 मध्ये ‘पर्यावरणीय रचनेद्वारे गुन्हे-प्रतिबंध’ ही संज्ञा वापरली. पुढच्याच वर्षी वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांची ‘संरक्षणक्षम अवकाश’ ही कल्पना पुढे आली. श्रेय सहसा या दोघांकडे जाते. तथापि रस्त्यावरील लोकांची नजर हाच खरा पहारा, असे शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्झ यांनी 1961 मध्येच मांडले होते आणि नैसर्गिक देखरेखीच्या तत्त्वाचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. न्यूमन यांचा भर परक्याला हद्द जाणवून देण्यावर आहे, तर जेकब्झ यांना परक्यांची वर्दळ उपकारक वाटते. वास्तुशास्त्राचे अभ्यासक बिल हिलियर यांनी 1973 मध्ये न्यूमन यांच्या या हद्दीच्या मांडणीवर टीका केली. पोलीस ठाण्यापुरता तरी जेकब्झ–हिलियर पक्ष बळकट दिसतो. तेथे येणारा तक्रारदार बहुधा परकाच असतो.

तांत्रिक दृष्ट्या स्फोटापासूनचे अंतर निर्णायक असते. हॉपकिन्सन–क्रान्झ नियमानुसार ठरावीक कमाल दाबासाठीचे अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे इमारत रस्त्यापासून निम्म्या अंतरावर आणली, तर अष्टमांश वजनाचा स्फोटही पूर्वीइतकाच दाब निर्माण करतो. दाट शहरात मात्र इमारत मागे घेतली की रस्त्यालगतच्या दर्शनी भिंतींची सलग रेषा तुटते व पुढे ओसाड पट्टा उरतो. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतील मरा संघीय इमारतीलगत 19 एप्रिल 1995 रोजी ट्रकमधील स्फोटाने 168 जण मृत्युमुखी पडले. पडझडीचा मोठा भाग खांब निकामी होऊन वरचे मजले एकामागोमाग कोसळल्यामुळे झाला. अशा क्रमिक पतनाकडे लंडनच्या रोनान पॉइंट दुर्घटनेने (1968) आधीच लक्ष वेधले होते. यामुळे अंतर अपुरे असेल तेथे सांगाड्यात पर्यायी भारमार्ग ठेवतात, म्हणजे एखादा खांब निकामी झाला तरी त्याचा भार इतर खांब पेलतात, व दर्शनी खिडक्यांना स्तरित (फुटली तरी तुकडे न उडणारी) काच बसवतात. वाहने रोखण्यासाठी काँक्रीटच्या ठोकळ्यांऐवजी बाके, झाडांचे कठडे व जमिनीची चढउतार यांचा उपयोग होतो. वॉशिंग्टन स्मारकाभोवतीच्या वळणदार बुटक्या भिंती (2005) हे त्याचे यशस्वी उदाहरण होय. अशा अडथळ्यांच्या धडक-चाचणीसाठी 2013 पासून आयडब्ल्यूए 14 हा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज होता; 2023 मध्ये त्याची जागा आयएसओ 22343 या मानकाने घेतली.

अंतर्गत रचनेत नागरिकांचे दालन, कर्मचारी विभाग व कोठडी यांचे मार्ग एकमेकांत मिसळू देत नाहीत.

अग्निशमन केंद्रांत हल्ल्यापेक्षा भूकंपाचा विचार मोठा असतो. भारतीय मानक आयएस 1893 (भाग 1) च्या 2016 च्या आवृत्तीने त्यांना 1.5 महत्त्व-गुणांक लावला, म्हणजे रचनेसाठी भूकंपाचा भार दीडपट धरला. वास्तुविशारद झाहा हदीद यांचे जर्मनीतील वाइल आम राइन येथील केंद्र (1993) वास्तुकलेच्या लेखनात वारंवार येते. पण अग्निशमनासाठी त्याचा वापर पुढे थांबला व आता तेथे प्रदर्शने भरतात, त्यामुळे दाखला म्हणून त्याचे मोल बेताचेच.