अंडकोष चिपवर यायला एवढा उशीर का झाला

अंडकोषाचा जिवंत तुकडा किंवा पेशी छोट्याशा चिपमध्ये जगवायच्या आणि शुक्राणू कसे बनतात, औषधांनी काय होतं ते बघायचं, याला म्हणायचं अंडकोष चिपवर. गोष्ट परळपासून सुरू करू. तिथे केईएमच्या समोरच टाटा हॉस्पिटल आणि तिथून थोडं चाललं की आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) प्रजननावर काम करणारी संस्था. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घरोघरी पोचलं, त्या कामात ही संस्थाही होती. पण तेव्हापासून मूल होत नाही म्हटलं की तपासण्या आधी बाईच्याच, नवऱ्याचा स्पर्म काउंट सगळ्यात शेवटी, तोही सासूबाईंना न सांगता.

त्यात 1992 ला ब्रुसेल्समधून इक्सी आलं. एक शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडायचा, झालं काम! जोडप्यांचं भलं झालं यात वाद नाही, पण माझ्या मते तिथेच थोडा घोळ झाला, कारण एक शुक्राणू मिळाला की भागतंय म्हटल्यावर बाकीचे का बनत नाहीत हे बघायची घाई कोणाला राहणार.

आणि बघायचं तरी कसं, माणसाचा शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात आणि अंडकोषाचा तुकडा डिशमध्ये ठेवला तर तो तितके दिवस धड टिकत नाही. कित्येक दशकं लोक प्रयत्न करत होते, काम मध्येच अडायचं. शेवटी 2011 ला जपानमध्ये योकोहामाच्या ताकेहिको ओगावांच्या टीमने उंदराच्या पिल्लाचा तुकडा अगारोज जेलच्या ठोकळ्यावर ठेवला (आपल्या चायना ग्रासचंच शुद्ध भावंड), म्हणजे खालून पोषण आणि वरून हवा, आणि त्यातून निघालेल्या शुक्राणूंपासून चक्क पिल्लं झाली.

त्याच्या एक वर्ष आधी, 2010 मध्ये, हार्वर्डला फुफ्फुसाची चिप बनली होती. पेन ड्राइव्हएवढं पारदर्शक रबर, आत केसासारख्या नळ्या, त्यात फुफ्फुसाच्या जिवंत पेशी आणि त्यांना पोसणारा वाहता द्रव. हे दोन धागे 2016 ला जुळले, ओगावांच्याच टीमने तुकडा चिपमध्ये ठेवला, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा, पलीकडून द्रव वाहतोय, आणि शुक्राणू बनणं सहा महिने चालू राहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बायकांच्या अवयवांची अख्खी साखळी चिपवर आली, 28 दिवसांच्या पाळीसकट. म्हणजे इथेही पुरुष मागेच.

2020 ला परत ब्रुसेल्स! तिथल्या संशोधकांनी इतरांसोबत माणसाच्या अंडकोषाच्या पेशींचे गोळे आणि लिव्हरच्या पेशी एकाच चिपवर जोडल्या. सायक्लोफॉस्फमाईड हे कॅन्सरचं औषध लिव्हरमधून गेल्यावरच खरं काम करतं, त्यामुळे नुसत्या अंडकोषावर टाकून त्याचा त्रास कळणार नाही. टाटाला येणाऱ्या लहान मुलग्यांचा विचार केला की हे लगेच पटतं, मोठी माणसं असं औषध घेण्याआधी शुक्राणू फ्रीज करून ठेवू शकतात, पण त्या वयात शुक्राणूच नसतात तर फ्रीज काय करणार.

2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, 2023 ला आपल्याकडेही औषध चाचणीच्या नियमांत प्राण्यांऐवजी वापरता येईल म्हणून चिपचं नाव आलं. अडचणी आहेतच, ते रबर हार्मोन शोषून घेतं, मग टेस्टोस्टेरॉन मोजायचं तरी कसं. आणि माणसाचा मूल होईल असा शुक्राणू चिपवर बनला, असं सगळ्यांनी मान्य केलेलं उदाहरण अजून नाही.