एमएसचं औषध म्हणजे घर विकणं?

पुण्यात न्यूरोलॉजिस्टकडे नंबर लावून बसलं की हमखास ऐकू येतं, ‘मल्टिपल स्क्लेरोसिसचं औषध सुरू झालं की घर विकावं लागतं.’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते असा आजार. घर विकण्याची ही धास्ती महागड्या इंटरफेरॉन इंजेक्शनांच्या काळातली. आता डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइडच्या जेनेरिक गोळ्या इथेच बनतात. रिटुक्सिमॅब या औषधाचं देशी बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं औषध) तर २००७पासून आहे. सहसा दर सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एमआरआय, रक्ततपासण्या, फिजिओथेरपी खिशाला लागतातच, ते नाकारून चालणार नाही. पण बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळ्या बंद केल्या आणि एमएसचा अटॅक आला, म्हणजे लक्षणं अचानक उफाळली, तर स्टिरॉइडची सलाइन, अ‍ॅडमिशन, बुडालेला पगार! शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे; दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ससून रुग्णालयात तपासणी होते.