जीएमसी मोटरहोमची देखभाल आणि दुरुस्ती

जीएमसी मोटरहोम म्हणजे जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या पॉन्टियाकला बनवलेलं चाकावरचं घर. २३ आणि २६ फूट अशा दोन लांबींत मिळायचं, सहा चाकं, आत किचन, बेड, टॉयलेट सगळं. एकूण सुमारे १३ हजार निघाली. पन्नास वर्षांनंतरही त्यातली बरीच चालू आहेत, आणि याचं कारण नुसता दणकटपणा नाही, हे मालक लोक एकमेकांच्या गाडीखाली शिरतात हे खरं मोठं कारण आहे.

इतर मोटरहोम बहुतेक ट्रकच्या चॅसिसवर म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर खोकं बसवून होतात. हिचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या कारचं, पुढची चाकं ओढणारं, त्यामुळे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा, पोटाखालून जाणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्टच नाही आणि फ्लोअर एकदम खाली ठेवता आला. आधी ४५५ क्यूबिक इंचाचं म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं व्ही-८, १९७७ पासून ४०३ क्यूबिक इंचाचं म्हणजे ६.६ लिटरचं. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी. चालताना फार सुंदर चालते ही गाडी, पण दुरुस्तीला जागा अडचणीची, कारण इंजिनपर्यंत पोचायचं झाकण आत, पुढच्या दोन सीटच्या मध्ये फ्लोअरमध्ये आहे. एक जण वर झाकणापाशी गुडघ्यावर बसतो, दुसरा खाली पाठीवर पडून टॉर्च धरतो, पाना देतो, कुठून ऑइल गळतंय ते ओरडून सांगतो.

दोघं लागतातच असं काम म्हणजे ब्रेकची एअर काढणं, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर काढणं. पुढे डिस्क, मागे चार ड्रम, म्हणजे सहा चाकं. एक जण ड्रायव्हर सीटवर बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी हवा सोडायचा छोटा स्क्रू म्हणजे निपल सैल करतो, बुडबुडे असलेलं ऑइल नळीतून बाहेर येतं, निपल परत आवळला की तो हाक देतो आणि मगच पेडल सोडायचं. हाक येण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि त्या चाकाचं काम पहिल्यापासून. म्हणून सुरुवातीलाच शब्द ठरवून घ्यावेत, "दाब", "धर", "सोड", दुसरं काही बोलायचं नाही. मध्ये मध्ये पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरच्या डबीतलं ऑइल बघत राहायचं, ते तळाला गेलं तर पुन्हा हवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा गाडी फिरली नसली तरी साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

एअर बॅगचं काम करताना मात्र एक गोष्ट कधीही विसरू नये. बॅगमधली हवा गेली की गाडीचा मागचा भाग एकदम खाली बसतो. जॅक आणि बॅग यांच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये, चॅसिसखाली लोखंडी स्टँड लावायचे, पुढची चाकं अडवायची, आणि मित्राने बाहेर उभं राहून लक्ष ठेवायचं, तेवढं एकच काम त्याला द्यायचं.

उन्हाळ्यात ही गाडी चढावर मध्येच बंद पडते अशी तक्रार जुनी आहे. पेट्रोलच्या टाक्या इंजिनपासून लांब, पंप इंजिनवर, तो लांबून पेट्रोल ओढतो, लाइन तापली की आतल्या आत वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला की त्रास बराच कमी होतो. त्याच वेळी जुने रबरी पाइप सगळे बदलून टाकावेत, आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ते आतून फुगतात, तडकतात, आणि झाकणाखाली तापलेलं इंजिन असताना पेट्रोलची गळती म्हणजे आग. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाही चिरा जातात, तेव्हा धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत हवाच, लोक तिथे झोपतात.

बाकी टायर नक्षी बघून नाही तर वय बघून बदलायचे, बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. गॅसच्या जोडण्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. खिडक्यांच्या आणि छतावरच्या एसीच्या कडेने पाणी झिरपून फ्लोअरचं प्लायवूड कुजतं, ते शोधायला पुन्हा दोघं लागतात: एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, खालपासून वर हळूहळू, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन कोपरे चाचपायचे.

पार्ट मिळण्याचं म्हणाल तर ओल्ड्समोबाइल ब्रँड २००४ मध्येच बंद झाला, पण अमेरिकेत या गाडीपुरते पार्ट बनवणारे छोटे व्यावसायिक आहेत, आणि मालकांनी राज्याराज्यातल्या अशा लोकांच्या याद्या ठेवल्यात जे वाटेत अडकलेल्या गाडीसाठी हत्यारं घेऊन मदतीला निघतात.